पाठीवरची पाहुणी

१

भाजलेल्यांच्या वॉर्डात शिरायचं तर आधी बरंच काही उतरवावं लागतं. चपला बाहेर, घड्याळ बाहेर, अंगठी बाहेर. मग कोपरापर्यंत हात धुवायचे आणि टोपी, मास्क, हिरवा झगा चढवायचा. झग्याचे बंद पाठीमागे असतात आणि माझे हात तिथवर पोचत नाहीत, म्हणून मोठ्या सिस्टर ते बांधून देत. मी हात दोनदा धुतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. असे चार आजोबा मिळाले तर माझ्या वॉर्डातले जंतू उपाशी मरतील, असं त्या म्हणाल्या होत्या.

रात्र माझ्या लेकीची आणि दुपार माझी, अशी आम्ही वाटणी केली होती. मी आलो की ती घरी जाऊन आंघोळ करी, दोन घास पोटात ढकली आणि थोडं पडे. मी खिडकीजवळच्या खाटेशेजारी बसे. खाटेवर माझी नात पालथी झोपलेली असे, एक गाल उशीवर दाबलेला. सात वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. स्वतःभोवती गिरक्या घेत घरभर हिंडते. गीझर बिघडला होता, लेक गरम पाण्याचं पातेलं घेऊन न्हाणीघराकडे निघाली होती, आणि भिंगरी गिरकी घेत समोरून आली. दोष कुणाचा यावर आमच्या घरात एक शब्दही निघाला नाही. त्यामुळे घर फार शांत झालं होतं.

तिची उजव्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंतची कातडी गेली होती. तिचीच कातडी मांडीवरून काढून तिथे लावायची असं ठरलं होतं, पण त्यासाठी अंगात थोडं बळ यायला हवं होतं. तोवर जखम उघडी ठेवणं धोक्याचं. म्हणून त्वचापेढीतून दान केलेली कातडी आणून तिच्या पाठीवर पांघरली होती. डॉक्टरांनी तिचं शास्त्रीय नाव सांगितलं. सिस्टर नुसतं ‘पाहुणी’ म्हणत.

पाहुणी दोन-तीन आठवडे राहते, असं त्यांनी मला समजावलं. जखम झाकते, ओल धरून ठेवते, दुखणं कमी करते. मग शरीराला कळतं की ही आपली नव्हे, आणि ते तिला सोडून देतं. चांगली पाहुणी तीच, जी वेळेवर निघते.

कातडी कुणाची, हे मी विचारलं होतं. दात्याचं नाव आम्हालाही कळत नाही, सिस्टर म्हणाल्या. माणूस होतं, एवढं नक्की.

२

मी हे का विचारलं ते सांगायला हवं. माझी बायको गेल्या वर्षी वारली, आणि तिची त्वचा दान केलेली आहे.

तिनं ते कधीच ठरवून टाकलं होतं. हो-नाही करत होतो तो मी. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला प्रत्येक गोष्टीत दहा शंका असतात. ती मला शंकासुर म्हणायची. “माझ्या कातड्याचे जोडे करून घातले, तरी तुम्ही म्हणाल टाचेला लागतात,” ती म्हणाली होती. “त्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ दे.”

पेढीची माणसं घरी आली. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. आतून न्हाव्याच्या यंत्रासारखी बारीक गुरगुर ऐकू येत राहिली. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून एकच विचार करत होतो, की तिच्या उघड्या पाठीला गार लागत असेल. काम झाल्यावर त्यांनी पाठ आणि मांड्या पट्ट्यांनी नीट गुंडाळून दिल्या. पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

उभ्या संसारात तिनं माझ्याकडे फारसं काही मागितलं नाही. एवढंच, की दुपारच्या चहानंतर ती माझ्याकडे पाठ करून बसे. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, जिथे तिचा हात पोचत नसे, तिथे तिला खाज सुटे. मलमं झाली, तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडलं नाही. मग मीच औषध झालो. एका हातात पेपर धरायचा आणि दुसऱ्या हातानं खाजवायचं. पेपरात रंगलो की हात घसरे, आणि ती म्हणे, “वर. अजून वर. जरा आत. हां, आता सरकू नका.”

ती गेल्यावर मी दुपारचा चहा सोडला.

३

त्या दुपारी वॉर्डात सगळे पेंगुळलेले होते. वातानुकूलन यंत्राची घरघर, पलीकडच्या पडद्याची एखादी कडी किणकिणायची, बाकी काही नाही. भिंगरी जागी होती. खाजतंय म्हणाली. जखम भरताना खाज येतेच, पण पट्टीला हात लावायची मनाई होती. मी तिला एक गोष्ट सांगू लागलो. तिनं ती अर्ध्यात तोडली. आजोबा, तू गोष्ट सांगू नकोस, तू फुंकर घाल.

मी पट्टीच्या कडेबाहेर, जिथे तिची चांगली कातडी होती, तिथे बोटांची पेरं हलके फिरवू लागलो. तिचे डोळे मिटले. श्वास संथ झाला. मला वाटलं, झोपली.

“वर,” ती म्हणाली.

मी बोटं वर नेली.

“अजून वर. जरा आत. हां, आता सरकू नका.”

आवाज तिचाच होता. बारीक, थोडा नाकातला. माझा हात मात्र थांबला. भिंगरीनं मला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. तिच्या आईनं वळण लावायचा प्रयत्न केला होता, तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं होतं, आजोबा माझाच आहे, मग त्याला तुम्ही कशाला म्हणू?

मी वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती गाढ झोपली होती. आणि तरी, माझी बोटं जिथे थांबली होती तिथून थोडं आत, पट्टीच्या खाली, काहीतरी माझ्या बोटांकडे सरकून टेकलं, असं मला वाटलं. मांजर अंग घासतं तसं.

मी हात काढून घेतला आणि जाऊन तो धुतला. दोनदा.

४

योगायोग या शब्दाचा पाणउतारा करण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या पेढीत कितीतरी दात्यांची कातडी असते आणि ती कितीतरी इस्पितळांत जाते. त्यातून नेमकी बायकोची, नेमकी नातीसाठी निघण्याची शक्यता अगदी थोडी. पण थोडी म्हणजे शून्य नव्हे, हेही मीच फळ्यावर लिहीत आलो.

पोरगी आजीजवळ वाढली होती. आमची दुपार तिनं शंभरदा पाहिली असणार. झोपेत माणूस ऐकलेलंच बोलतो. लेकीला मी हे जरा हसत-हसत सांगितलं, म्हणजे मी घाबरलो असं तिला वाटू नये. ती म्हणाली, “बाबा, तिला सगळ्यांच्या नकला येतात. तुम्ही कुलूप ओढून बघायला तीनदा परत येता ना, ते तर ती पाहुण्यांना करून दाखवते.” मला बरं वाटलं. मग तिनं हातातली पिशवी उगीचच या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, “आणखी काही म्हणाली का?”

नाही, म्हणालो मी.

पट्टी बदलायच्या दिवशी मी तिथेच असे, कारण माझं बोट धरल्याशिवाय भिंगरी कुणाला हात लावू देत नसे. पाहुणी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. जाळीसारखी बारीक भोकं पाडलेली, मेणकागदाच्या रंगाची असते, असं मला सांगितलं होतं. ही गुलाबी होती. डॉक्टरांनी बोटानं दाबलं. ती जागा पांढरी झाली आणि बोट उचलताच पुन्हा गुलाबी. त्यांनी पुन्हा दाबलं. मग म्हणाले, ही ग्लिसरीनमध्ये ठेवलेली कातडी, हिच्यात जीव नसतो, हिनं रक्त धरायला नको. आणि थोडं हसून, “पाहुणी रमलेली दिसते.”

सिस्टर हसल्या नाहीत.

पुढच्या खेपेला मात्र सगळं जसं व्हायला हवं तसं दिसलं. रंग उतरला होता, कडा सुटून वर आल्या होत्या. निघाली पाहुणी, सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटकेचा सूर होता. भिंगरीनंही ते ऐकलं. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झालं त्याचं ते स्पष्टीकरण असू शकतं.

त्या दुपारी मी पेपर वाचत होतो. खाटेवरून, झोपेतून, सहज आवाज आला.

“अहो, येते मी.”

निघणाऱ्यानं ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आपल्याला बोलायला शिकतानाच कळतं. आणि ऐकणाऱ्यानं काय म्हणायचं तेही. त्यासाठी विचार करावा लागत नाही. ती बाजारात निघायची, माहेरी निघायची, शेजारी वाटी परत करायला निघायची, आणि मी मान वर न करता म्हणायचो.

“ये,” मी म्हणालो. “सावकाश ये.”

म्हटलं, आणि मग मान वर केली.

५

पुढच्या वेळी पट्टी काढली तेव्हा कडा पुन्हा बसल्या होत्या. नुसत्या बसल्या नव्हत्या. पाहुणी कुठे संपते आणि भिंगरी कुठे सुरू होते, ती शिवणच सापडेना. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं. रंग आता गुलाबीही नव्हता. पोरीच्या रंगाहून एक छटा सावळा होता.

ताप त्याच दिवशी चढला.

मग दर दुपारी मी येई तेव्हा भिंगरी आधीच्या दिवसापेक्षा थोडी बारीक झालेली असे. पाणीही नको म्हणे. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की पाहुणीच्या खाली पू धरतोय. ती काढल्याशिवाय जखम साफ होणार नाही, आणि जखम साफ झाल्याशिवाय तिची स्वतःची कातडी लावता येणार नाही. आपोआप सुटली असती तर प्रश्न नव्हता. आता भूल देऊन कापून काढावी लागेल. खोल जावं लागेल, रक्त जाईल, आणि पोरीत ताकद उरलेली नाही. “उद्या सकाळी बघू,” ते म्हणाले. डॉक्टर ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्यांना दिसत नसतं, एवढं मला या वयात कळतं.

मी लेकीला घेऊन जिन्याजवळच्या खिडकीशी गेलो. खाली गाड्या लावायची जागा होती, ऊन होतं, कुणीतरी गाडीची काच पुसत होतं. मी तिला ‘ये’ची गोष्ट सांगितली. म्हातारपणी बुद्धी चळली असं ती म्हणेल, असं वाटलं होतं. म्हणाली असती तर मी तिचे आभार मानले असते.

“मीही म्हणाले होते,” ती म्हणाली.

“काय?”

“राहा म्हणून. रात्री ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते, बाबा. भिंगरीचाच हात असतो. पण ती मला बाळ म्हणते. मी रोज म्हणते, आई, एवढ्यात निघू नकोस.” तिनं नाक पुसलं. “मला वाटलं, माझ्या हातून पातेलं निसटलं ते कळलं असेल तिला. म्हणून आली.”

शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं. त्यात यावर काही नव्हतं.

“तुम्हीच सांगा तिला,” ती म्हणाली. “आईला ‘जा’ म्हणायला माझी जीभ उचलणार नाही. तिनं मला कधी म्हटलं नाही.”

६

सिस्टरांनी झग्याचे बंद बांधले. आज त्या काही गंमत बोलल्या नाहीत. पडदा ओढून घेऊ का, असं मीच विचारलं, आणि त्यांनी कारण न विचारता ओढून दिला.

भिंगरी पालथी होती. तापानं कान लाल झालेले. मी खुर्ची जवळ ओढली आणि बसून राहिलो. मला स्वतःचीच लाज वाटत होती. उभं आयुष्य तर्क शिकवलेला माणूस एका पट्टीशी बोलायला आला होता. आणि तर्क बाजूला ठेवला तरी दुसरी शंका होतीच. समजा ती तीच आहे. मग इतक्या महिन्यांनी माझ्या हाताशी आलेल्या तिला मी घालवून देणार. आणि समजा ती नाही, दुसरंच कुणीतरी आहे, जे आमच्या घरातले शब्द शिकलंय. तर ते ऐकेल का?

दोन्ही बाजूंनी विचार करत बसलो तर संध्याकाळ होईल, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक होतं.

“ऐकतेस का?” मी म्हणालो. घरात म्हणत असे तसंच.

यंत्राची घरघर चालू होती.

“पोरीला तिची कातडी येऊ दे. तू झाकलंस म्हणून ती जगली. आता…” पुढचा एकच शब्द उरला होता. दार उघडून देताना, गाडी सुटताना, अगदी शेवटी तिला उचलून नेलं तेव्हाही, तो मी तिला कधी म्हटला नव्हता. “आता तू जा. परत येऊ नकोस. जा.”

पोरीचा श्वास थांबला. मी उठून सिस्टरांना हाक मारणार होतो, तेवढ्यात पट्टीच्या खालची पाठ हळूहळू वर आली. पोरीचे खांदे उशीवर तसेच होते, फक्त तेवढीच पाठ. गुडघे दुखणारं माणूस खुर्चीचे हात धरून उठतं, तशी. क्षणभर तशीच राहिली.

“बरं,” भिंगरी म्हणाली.

माझ्या प्रत्येक निर्णयावर ती इतकंच बोलत आली होती. त्यात होकार किती आणि राग किती, ते मला कधीच ओळखता आलं नाही. या खेपेलाही नाही आलं.

मग पाठ खाली गेली आणि पोरीचा श्वास सुरू झाला.

७

पोरीचा ताप त्या दिवशी उतरला आणि पुढे तिची स्वतःची कातडीही धरली, हे आधीच सांगून टाकतो. कुणाचा जीव टांगणीला ठेवणं मला सोसत नाही. तिच्या खांद्यावर आज जाळीची नक्षी उरली आहे, आणि भिंगरी ती सगळ्या वर्गाला दाखवते.

सकाळी शस्त्रक्रियेआधी पट्टी सोडली. डॉक्टर, सिस्टर आणि मी, एवढेच होतो. भिंगरी म्हणाली, आजोबा, तू माझं बोट चुरगळतोयस. मी पकड सैल केली.

शेवटचा थर निघाला. जखम स्वच्छ होती. लालभडक, ओलसर, पुवाचा मागमूस नाही. कापायला काही उरलंच नव्हतं. पाहुणी पाठीवर नव्हतीच. ती खालच्या कापसावर, एका बाजूला होती. चौघडी घातलेली. कोपऱ्याला कोपरा जुळवलेला, सुटलेल्या कडा आत वळवलेल्या. पहाटे निघणारा पाहुणा यजमानाला त्रास नको म्हणून अंथरूण-पांघरूण आवरून ठेवतो, तशी.

“रात्री कुणी पट्टी सोडली होती?” डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टर नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, सुटून गुंडाळली गेली असेल. असेलही. मीही तेच म्हणालो असतो.

भिंगरीला तिचीच कातडी लावायला आत नेलं. लेक दाराबाहेरच्या बाकावर बसली. सिस्टरांनी ती घडी चिमट्यानं उचलून पिवळ्या पिशवीत ठेवली. ठेवताना ती उलगडणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. मी विचारलं, कुठे नेतात? खाली, त्या म्हणाल्या. भट्टीत.

तिला एकदा स्मशानात पोचवून आलो होतो मी. पण त्या वेळी ती पुरती नव्हती.

सफाईवाला पिशवी घेऊन निघाला आणि मी त्याच्या मागे गेलो. झगा अंगावर तसाच, पायांत काही नाही. मागच्या बाजूच्या मोठ्या लिफ्टपाशी तो थांबला. दार उघडलं. पिशवी आत ठेवून तो पुन्हा बाहेर आला आणि दार पायानं अडवून धरत मला म्हणाला, की ही कचऱ्याची लिफ्ट आहे, माणसांची पलीकडे.

“मला कुठे जायचं नाही. पोचवायला आलोय.”

“कुणाला?”

त्यानं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चांगला माणूस होता. त्यानं पाय काढला नाही. होऊ द्या सावकाश, म्हणाला.

तेव्हा लिफ्ट किंचित खाली दबली. माणूस आत पाऊल टाकतं तेव्हा दबते तशी, आणि तसाच तारांचा बारीक आवाज झाला. आम्ही दोघंही बाहेर होतो. आत मूठभर वजनाची एक पिशवी होती.

सफाईवाल्यानं तळाकडे पाहिलं. मग खाली तर न्यायचंच होतं, म्हणून तो आत शिरला. सगळी लिफ्ट रिकामी होती, पण तो मधोमध उभा राहिला नाही. एका कोपऱ्यात, भिंतीला टेकून, अंग चोरून उभा राहिला.